कपड्यांचं जर्नल : एक प्रयोग

'जर्नल' हा शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं ते वेगळं सांगायला नको. सबमिशनचा आठवडा, रात्री दोनला हॉस्टेलच्या कॉरिडॉरमध्ये काचेखाली बल्ब लावून चाललेली जी.टी., एका मूळ प्रतीवरून उतरलेल्या चाळीस प्रती आणि सरांच्या केबिनबाहेर सहीसाठी लागलेली रांग. चार वर्षांत आपण बीमचं वाकणं, डायोडची वक्ररेषा, पाण्याचा कठीणपणा अशा कितीतरी गोष्टींच्या नोंदी करतो. पण ज्या गोष्टीचा निर्णय आपण रोज सकाळी पावणेआठला, आठच्या लेक्चरच्या धावपळीत घेतो, त्याची नोंद कुठेच नसते. ती गोष्ट म्हणजे कपडे.

"कपड्यांवर काय लिहायचं? हे काम फॅशन डिझाइनवाल्यांचं!" असं कुणी म्हणेल. पण जरा हिशेब करा. घरून येणाऱ्या पैशातून मेस, प्रवास आणि झेरॉक्स वजा केल्यावर जे उरतं, त्यातला मोठा वाटा कुठे जातो? वॉचमनकाकांच्या टेबलावर पडलेल्या पार्सलांचा ढीग बघा, उत्तर मिळेल. आणि पैशापेक्षा मोठी गोष्ट म्हणजे मनावरचा ताण. गावाकडून आलेल्या, दोन पँट आणि चार शर्टांवर सेमिस्टर काढणाऱ्या मुलाला वाटतं, अख्खा वर्ग आपला तोच शर्ट मोजतोय. कपाट भरून कपडे असलेल्या मुलीलाही रोज वाटतं की घालायला काही नाही. दोघांचा त्रास वेगळा असला तरी दोघांजवळही माहिती नाही, फक्त अंदाज आहे. आणि अंदाजावर चालायचं नाही, रीडिंग घ्यायचं, हे तर आपल्याला पहिल्या प्रॅक्टिकलपासून शिकवलेलं आहे.

म्हणून हा लेख शाळेतल्या प्रयोगवहीच्याच क्रमाने लिहिला आहे.

हेतू

एका सेमिस्टरभर स्वतःच्या कपड्यांची नोंद ठेवून तीन गोष्टी शोधणे : आपण खरोखर काय वापरतो, त्यावर किती खर्च होतो, आणि आपण ते का घालतो. तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा.

साहित्य

एक दोनशे पानी वही (मागच्या वर्षीची अर्धी कोरी राहिलेली चालेल), पेन, मोजपट्टी किंवा टेलरची टेप, थोडा डिंक आणि रोजची तीन मिनिटं. मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवायला हरकत नाही, पण फोटो म्हणजे नोंद नव्हे. फोटोत शर्ट दिसतो. तो दिवसभर काखेत काचत होता, हे फोटोत दिसत नाही.

पूर्वपीठिका

ही कल्पना नवीन नाही. जर्मनीतल्या आउग्सबुर्ग शहरात मॅथेउस श्वार्त्स नावाचा एक हिशेबनीस होता. त्या काळी युरोपभर व्यापार आणि सावकारी करणाऱ्या फुगर घराण्याच्या पेढीचा जमाखर्च तो पाहायचा. १५२० साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्याने स्वतःच्या कपड्यांची सचित्र नोंद सुरू केली. चित्रकाराकडून स्वतःची चित्रं काढून घ्यायची आणि शेजारी तारीख, वय, प्रसंग आणि कपड्यांचा तपशील लिहायचा. हा उद्योग त्याने १५६० पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षं चालवला. सव्वाशेहून जास्त चित्रांचं ते पुस्तक जर्मनीतल्या ब्राउनश्वाइग शहराच्या संग्रहालयात आजही आहे. गंमत म्हणजे १५२६ मध्ये त्याने अंगावर काहीच नसलेली आपली दोन चित्रं काढून घेतली, एक पुढून आणि एक पाठीमागून, आणि आपण जाड झालो आहोत अशी नोंद केली! हिशेबनीस माणूस, जे आहे ते वहीत आलंच पाहिजे.

दुसरं उदाहरण इंग्लंडमधलं. बार्बरा जॉन्सन ही एका धर्मोपदेशकाची मुलगी. १७४६ साली, अवघ्या आठव्या वर्षी, तिने हिशेबाच्या एका जुन्या वहीत आपल्या कपड्यांच्या कापडाचे तुकडे चिकटवायला सुरुवात केली. प्रत्येक तुकड्याशेजारी कापड किती वार घेतलं, भाव काय पडला आणि त्याचं काय शिवलं हे लिहिलेलं. १८२३ पर्यंत, म्हणजे सत्त्याहत्तर वर्षं, तिने हे केलं. ती काही श्रीमंत नव्हती, उत्पन्न बेताचंच होतं. आज ती वही लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. राजेरजवाड्यांचे पोशाख अनेक संग्रहालयांत सापडतात, पण साधी मध्यमवर्गीय बाई आयुष्यभर काय नेसली आणि त्याला किती पैसे मोजले, हे सांगणारी अशी वही दुर्मिळ.

आणि आपल्याकडे? आपल्याकडे ही वही कागदाची नव्हती, पण होती. घरची गोधडी किंवा वाकळ उलगडून आजीला विचारा. हा तुकडा तुझ्या आईच्या लग्नातल्या लुगड्याचा, हा आजोबांच्या धोतराचा, ही तुझ्या पहिल्या फ्रॉकची कडा, असं ती न अडखळता सांगते. म्हणजे कपडा जपायचा आणि त्याच्याबरोबर त्याची आठवणही, हे आपल्या रक्तातच आहे. आपण फक्त त्यात तारीख आणि कारण घालणार आहोत.

कृती

पहिल्या दिवशी कपाट (हॉस्टेलमध्ये असाल तर कपाट, ट्रंक, खुर्चीची पाठ आणि दाराचा खिळा) पूर्ण रिकामं करा. प्रत्येक कपड्याला नंबर द्या. श १, श २ म्हणजे शर्ट. प १, प २ म्हणजे पँट. कुर्ता, सलवार, ओढणी, साडी, टी-शर्ट यांनाही तसेच. प्रत्येकासमोर किंमत, घेतल्याचा महिना, कापड आणि रंग लिहा. टेलरकडे शिवलेला असेल तर उरलेल्या कापडाची एक चिंधी मागून घ्या आणि बार्बराबाईंप्रमाणे चिकटवा. भावाचा किंवा आईचा आलेला कपडा असेल तर तेही लिहा. रूममेटचा असेल तर तो आधी परत करा!

याच पानावर स्वतःची मापं लिहा : खांदा, छाती, बाही, कंबर, पँटची उंची. एका कंपनीचा ४० नंबर आणि दुसरीचा ४० नंबर सारखा नसतो. ऑनलाइन मागवलेले कपडे परत पाठवावे लागतात ते बहुधा यामुळेच. अंगात नीट बसणाऱ्या शर्टाची मापं वहीत असली की नवा शर्ट त्या आकड्यांशी ताडून पाहता येतो. टेलरने शिवणीत माया किती सोडली आहे तेही बघून ठेवा. अर्धा-पाऊण इंच माया असेल तर मेसच्या भाताने वाढलेल्या कंबरेलाही तीच पँट उसवून पुरते.

त्यानंतर रोज रात्री एक ओळ. रकाने सहा :

१. तारीख आणि हवा
२. काय घातलं (फक्त नंबर)
३. कुठे गेलो किंवा गेले
४. का घातलं
५. कसं वाटलं (पाचपैकी गुण)
६. धुलाई, इस्त्री, वाळायला लागलेला वेळ

आठवड्याला सहा दिवस धरले तर सोळा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ९६ रीडिंग होतात. कुठल्याही प्रॅक्टिकलला आपण एवढी रीडिंग घेत नाही!

निरीक्षणं

नोंदी कशा दिसतील याचा हा नमुना :

सोमवार, पाऊस. श ३, प १. लेक्चर आणि लॅब. का : धुतलेला तेवढाच होता. गुण ३. पँट वाळायला दोन दिवस.

मंगळवार, पाऊस. टी ४, जीन्स. दिवसभर कॅम्पसमध्ये. का : नवीन आहे, सगळ्यांनी बघावा म्हणून. गुण २, गळा घट्ट.

बुधवार, ढगाळ. श १ (जुना, बाही किंचित विरलेली). वर्कशॉप आणि लायब्ररी. का : सुती आहे, खराब झाला तरी चालतो. गुण ५.

गुरुवार, ऊन. श ५, प २. प्रेझेंटेशन. का : परवाचाच शर्ट घातला तर लोक काय म्हणतील. गुण २, पाठीवर घाम.

चारच ओळी, पण किती बोलतात बघा. पाचपैकी पाच गुण मिळाले ते विरलेल्या बाहीच्या शर्टाला. नव्या टी-शर्टला दोनच. हे एका आठवड्यात दिसलं तर योगायोग म्हणता येईल, पण महिन्याभरात तेच तेच आकडे आले की मानावं लागतं.

सहाव्या रकान्यात कापडाचं शास्त्र आपोआप शिकायला मिळतं. पावसाळ्यात सुती पँट दोन दिवस ओली आणि पॉलिस्टरचा टी-शर्ट रात्रीत कोरडा, असं का? ठरावीक तापमान आणि आर्द्रतेला कोरडा कापूस हवेतून आपल्या वजनाच्या सुमारे ८.५ टक्के ओलावा धरतो, पॉलिस्टर फक्त ०.४ टक्क्याच्या आसपास. कापूस पाणी आत घेतो म्हणून घाम टिपतो आणि वाळायला वेळ लावतो. पॉलिस्टरचा धागा पाणी आत घेत नाही म्हणून लवकर वाळतो, पण घाम अंगावरच राहतो. प्रेझेंटेशनच्या दिवशी पाठ का भिजली याचं उत्तर कॉलरच्या आत शिवलेल्या लेबलवर असतं. आपण ते वाचत नाही एवढंच. टेरिकॉट हे दोन्हींचं मिश्रण, म्हणून ते दोघांच्या मधलं वागतं.

जीन्सचंही तसंच. डेनिममध्ये उभे धागे निळीचे आणि आडवे पांढरे असतात. निळीचा रंग धाग्याच्या बाहेरच्या थरावरच बसतो, गाभा पांढरा राहतो. म्हणून जीन्स घासली जाईल तिथे फिकी होते, आणि म्हणूनच पहिल्या काही धुलाया बादलीत एकट्याने कराव्यात, नाहीतर रूममेटचे पांढरे बनियन आकाशी होतात. '१२ औंस' असं लिहिलेलं डेनिम म्हणजे दर चौरस मीटरला सुमारे ४०० ग्रॅम. साध्या टी-शर्टचं कापड त्याच्या निम्म्याहूनही हलकं. पावसाळ्यात जीन्स का वाळत नाही ते आता समजलं असेल.

लेबलवरच्या चिन्हांचा उलगडाही एकदाच वहीच्या मागच्या पानावर करून ठेवा. पाण्याची बादली म्हणजे धुणं, त्रिकोण म्हणजे ब्लीच, चौकोन म्हणजे वाळवणं, इस्त्रीचं चित्र म्हणजे इस्त्री आणि नुसतं वर्तुळ म्हणजे ड्रायक्लीनसारखी दुकानातली धुलाई. फुली मारली असेल तर ते करायचं नाही. इस्त्रीतले ठिपके वाढतील तशी चालणारी उष्णता वाढते : एक ठिपका कमी, तीन ठिपके जास्त. इस्त्रीवाल्या काकांकडे कपडे देताना सिंथेटिक कपडे वेगळे करून दिले तर चमकलेल्या पँटबद्दल भांडण होत नाही.

वर्कशॉपच्या दिवसाची नोंद मात्र गमतीची नाही. वेल्डिंगची ठिणगी सुती कापडावर पडली तर कापड जळतं, काळं पडतं. पॉलिस्टर २५० ते २६० अंश सेल्सिअसच्या आसपास वितळतं आणि वितळलेलं कातडीला चिकटतं. लेथवर सैल बाही, लोंबणारी ओढणी, गळ्यातली आयकार्डाची दोरी, मोकळे केस आणि हातातलं कडं या सगळ्या धोक्याच्या गोष्टी. इन्स्ट्रक्टर सर अॅप्रनवरून आणि बुटांवरून ओरडतात ते उगाच नाही. ज्या वारी वर्कशॉप असेल त्या वारासमोर वहीत आधीच लिहून ठेवा : सुती, पूर्ण बंद बूट, काहीही लोंबतं नको.

आकडेमोड

महिन्याच्या शेवटी दोन हिशेब करा.

पहिला हिशेब प्रॉडक्शनवाल्यांच्या ओळखीचा, एफ.एस.एन. विश्लेषण. स्टोअरमधला माल जसा वेगाने जाणारा, हळू जाणारा आणि न हलणारा असा तीन गटांत विभागतात, तसे कपडे विभागा. महिन्यात चार वेळा किंवा जास्त वापरलेला तो पहिला गट, एक ते तीन वेळा तो दुसरा, एकदाही नाही तो तिसरा. तिसऱ्या गटातल्या प्रत्येक कपड्यासमोर कारण लिहा. 'लग्नासाठी ठेवलाय' हे कारण चालेल. 'बारीक झालो की घालीन' हे कारण चालेल की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा.

दुसरा हिशेब दर वापरामागच्या खर्चाचा. सूत्र सोपं आहे :

दर वापरामागे खर्च = (किंमत + आतापर्यंतची देखभाल) ÷ वापराच्या वेळा

समजा, ६०० रुपयांचा शर्ट ६० वेळा घातला आणि दर वेळी ८ रुपये इस्त्रीला दिले. ६०० अधिक ४८० म्हणजे १०८०. भागिले ६०, म्हणजे दर वापराला १८ रुपये. समजा, सेलमध्ये '६० टक्के सूट' बघून ४०० रुपयांचा चकचकीत शर्ट घेतला आणि दोनदाच घातला. इस्त्री न धरताही दर वापराला २०० रुपये! आणि १८०० ची जीन्स इस्त्रीशिवाय १२० वेळा वापरली तर फक्त १५ रुपये. म्हणजे तिघांत महाग कोण? लेबलवर बघितलं तर जीन्स, वहीत बघितलं तर सेलचा शर्ट. वडिलांनी पाठवलेल्या पैशांचा हिशेब असा मांडला की पुढच्या सेलच्या वेळी बोट स्क्रीनवर जरा थबकतं.

यातून दुसरीही एक गोष्ट कळते. ज्याच्याकडे चारच शर्ट आहेत त्याचा प्रत्येक शर्ट पहिल्या गटात येतो. इंजिनिअरिंगच्या भाषेत त्याचं स्टोअर कार्यक्षम आहे. त्याने लाजायचं काही कारण नाही.

'का' हा रकाना

आता मुख्य मुद्दा. सेमिस्टर संपल्यावर चौथा रकाना काढा आणि कारणांचे तीन ढीग करा. पहिला ढीग गरजेचा : पाऊस होता, वर्कशॉप होतं, धुतलेला तेवढाच होता. दुसरा आवडीचा : हा रंग मला शोभतो, यात मोकळं वाटतं, आईची ओढणी आहे. तिसरा ढीग भीतीचा : लोक काय म्हणतील, सगळे घालतात म्हणून, कालचाच शर्ट नको म्हणून.

तिसऱ्या ढिगाचा आकार बघा. हे आकडे कुणाला दाखवायचे नाहीत, पण स्वतः बघायचे.

या भीतीवर एक प्रसिद्ध प्रयोग झालेला आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातले टॉम गिलोविच आणि त्यांचे सहकारी यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं मोठं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालायला लावला आणि इतर विद्यार्थी बसलेल्या खोलीत पाठवलं. नंतर त्यांना विचारलं, किती जणांनी तुझा टी-शर्ट ओळखला असेल? त्यांचा अंदाज होता, जवळजवळ निम्म्यांनी. प्रत्यक्षात ओळखणारे होते पावाच्या आसपास. हा अभ्यास २००० साली प्रसिद्ध झाला. अर्थ एवढाच की आपल्याला वाटतं त्याच्या निम्मेच डोळे आपल्यावर असतात. बाकीचे आपापल्या टी-शर्टच्या काळजीत! चार शर्टांवर सेमिस्टर काढणाऱ्या आपल्या मित्राने हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

पण म्हणून कपड्यांना काही अर्थच नसतो, असंही नाही. आपल्या इतिहासातल्याच दोन घटना बघा. २२ सप्टेंबर १९२१ रोजी मदुराईत गांधीजींनी अंगरखा-टोपी सोडून फक्त पंचा नेसायचं ठरवलं. ज्या गरिबांच्या अंगावर पुरेसं वस्त्र नाही त्यांच्यासारखं राहायचं, हे त्यामागचं कारण. त्यानंतर सहा वर्षांनी, डिसेंबर १९२७ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्या वेळी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे जमलेल्या स्त्रियांना सांगितलं की जातीची खूण म्हणून लादलेली लुगडं नेसण्याची पद्धत आणि ते जड दागिने सोडा, नीटनेटकं पायघोळ नेसा. स्वतः बाबासाहेब तर सूट-टायमध्ये वावरले. एकाने कपडे कमी केले, दुसऱ्याने नीट आणि पूर्ण नेसायला सांगितलं. वरवर बघितलं तर रस्ते उलटे. पण दोघांच्याही चौथ्या रकान्यात कारण स्पष्ट लिहिलेलं होतं, आणि ते 'लोक काय म्हणतील' हे नव्हतं.

स्टाइल, स्टाइल म्हणतात ती मला तरी यापेक्षा वेगळी वाटत नाही. तिसरा ढीग जसा कमी होत जातो तशी माणसाची स्टाइल दिसायला लागते. ती ब्रँडेड असेल किंवा रविवारच्या बाजारातली असेल.

उपयोग : इंटरव्ह्यूचं पान

कॅम्पस इंटरव्ह्यूच्या आदल्या रात्री हॉस्टेलमध्ये जी पळापळ होते ती सर्वांना माहीत आहे. एक टाय चार रूममध्ये फिरतो, ब्लेझर तिसऱ्याच मजल्यावर सापडतो आणि बूट एक नंबरने मोठे. ज्याच्याकडे वही आहे त्याला एवढंच बघायचं असतं : कुठल्या जोडीला सतत चार-पाच गुण मिळाले? तीच जोडी घालायची. फिका सुती शर्ट, गडद पँट, साधा सलवार-कुर्ता, आपण ज्यात आधी वावरलो आहोत असं काहीही. नवीनच घ्यायचं असेल तर निदान दोन आठवडे आधी घ्या आणि एक अख्खा दिवस घालून बसा, चाला, जिने चढा, मेसमध्ये जेवा. बसल्यावर बटणं ताणतात का, हात वर केल्यावर शर्ट बाहेर येतो का, साडी असेल तर पिना टोचतात का, हे सगळं त्या दिवशीच्या नोंदीत आलं पाहिजे. मशीनची ट्रायल न घेता डेमो देत नाहीत, तसंच हे. समोर बसलेल्या परीक्षकांचे प्रश्न ऐकायचे असतात. कॉलरकडे लक्ष गेलं तर प्रश्न अर्धाच ऐकू येतो.

ट्रॅडिशनल डे आणि साडी डे यांचंही एक पान करा. आईची साडी आणली असेल तर तिचं कापड, ती कधीची, आईने कुठल्या प्रसंगाला नेसली होती हे घरी फोन करून विचारा आणि लिहा. या फोनवर जे बोलणं होतं ते 'जेवलास का, अभ्यास चाललाय का' च्या पलीकडचं असतं.

दक्षता

१. दुसऱ्याच्या कपड्यांची नोंद करायची नाही. हे स्वतःचं जर्नल आहे, कॉरिडॉरचं नाही.

२. स्वतःच्या शरीराला नावं ठेवायची नाहीत. 'पँट घट्ट झाली' हे निरीक्षण आहे. पुढचं विशेषण लिहू नका.

३. वही दाखवायला काढायची नाही. दाखवायची म्हटली की चौथ्या रकान्यात खोटं लिहिलं जातं आणि सगळी रीडिंग वाया जातात.

४. दिवस चुकला तर चुकला. मागच्या तारखेने भरायचं नाही. ती सवय दुसऱ्या जर्नल्ससाठी राखून ठेवा.

५. एक विनंती स्टाफमधल्या सर आणि मॅडमना. तीच पँट, तोच शर्ट किंवा चुरगळलेला कुर्ता यावरून वर्गात सर्वांसमोर बोलू नये. विनोद म्हणून टाकलेलं वाक्य ऐकणाऱ्याच्या तिसऱ्या ढिगात कित्येक महिने पडून राहतं. सुरक्षेसाठी ओरडायचं असेल तर जरूर ओरडा. आणि वही तुम्हीही ठेवून बघा. खडूची पावडर कुठल्या रंगावर दिसत नाही याचं उत्तर तुमच्या निरीक्षणांतूनच येईल!

व्हायवाचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे नोंद करण्याइतके कपडेच नाहीत. मग?
उत्तर : कमी कपड्यांचं जर्नल लवकर आणि जास्त अचूक होतं. कुठला आधी विरणार आणि पुढचा कुठला घ्यायचा, हे तुम्हालाच सर्वांत आधी कळेल.

प्रश्न : ही फक्त मुलींची कामं नाहीत का?
उत्तर : श्वार्त्ससाहेब हिशेबनीस होते आणि त्यांनी चाळीस वर्षं हे केलं. पुढचा प्रश्न.

प्रश्न : वही लिहिली की नवीन कपडे घ्यायचेच नाहीत का?
उत्तर : जरूर घ्यायचे. फक्त घेण्याआधी चौथा रकाना भरायचा. कारण दुसऱ्या दिवशीही तेच वाटलं तर घ्या.

प्रश्न : सेमिस्टर संपल्यावर तिसऱ्या गटातल्या कपड्यांचं काय करायचं?
उत्तर : चांगले असतील तर धुऊन, बटणं लावून, ज्याला हवेत त्याला विचारून द्यायचे. विरलेले असतील तर घरी न्या. गोधडीला लागतात.

निष्कर्ष

निष्कर्षाची जागा मुद्दाम कोरी ठेवतो आहे, कारण तो प्रत्येकाचा वेगळा येणार. कुणाला कळेल की आपल्याला निळा रंग आवडतच नाही, सगळे घेतात म्हणून घेतला होता. कुणाला कळेल की सेमिस्टरभरात तीन हजार रुपये न घातलेल्या कपड्यांत अडकले. आणि कुणाला, आशा आहे, हे कळेल की ज्या चार शर्टांची लाज वाटत होती ते चारही आपल्याला चांगले दिसतात.

मित्रांनो, हे एकच जर्नल असं आहे की जे कॉपी करता येत नाही, ज्याची जी.टी. निघत नाही आणि ज्यावर कुणाची सही लागत नाही. येत्या सोमवारपासून सुरुवात करा. पहिली नोंद रात्री झोपण्यापूर्वी, आणि चौथा रकाना रिकामा सोडू नका.